खुरटलेली तेवीस

ट्रेमध्ये टोमॅटोची चौसष्ट रोपं हवी होती. एक्केचाळीस उरली होती, एकजात उंच आणि तजेलदार. संशोधक मुलीच्या पायाखालची जमीनच सरकली.

खुरटी होती ती काढून टाकली, माळीमामांनी सांगितलं. पाहुणे येणार, ट्रे नीटनेटका करा, असं सकाळी विभागप्रमुख साहेबच म्हणाले होते.

तिचा तोल सुटला. तीन आठवडे रोज तिने त्या कोवळ्या शेंड्यांवर सदाफुलीच्या पानांचा रस थेंबाथेंबाने सोडला होता. रसाने गुणसूत्रं दुप्पट झाली की रोप आधी खुरटतं, पानं जाड होतात; मोठी फळं पुढे येतात. मामांनी नेमकी तीच रोपं वेचून उपटली होती आणि रसाला दाद न देणारी ठेवली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा जमलं होतं. हे सगळं तिने त्यांना ओरडून ऐकवलं, त्यांची अक्कल काढली, वयही पाहिलं नाही.

मामांनी मातीचे हात पँटला पुसले. "हे आधी सांगायचं होतं ना, ताई. पाटीवर नुसते आकडे. दुबळं रोप काढायचं, तीस वर्षं हेच करतोय मी."

पाटी तिनेच लिहिली होती. त्यामुळे ती आणखीच भडकली.

तेवढ्यात विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन आत आले आणि ट्रे दाखवत रसाची किमया सांगू लागले. तिने त्यांना बाजूला घेतलं. या रोपांना रस लागूच पडला नाही, म्हणाली.

"हिरवीगार दिसतायत ना?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "मग तोंड बंद ठेव."

तिने ठेवलं. स्वतःचीच चीड आली तिला. पाहुणे फोटो काढत होते.

मामा मधेच बाहेर गेले होते. ते खताच्या खड्ड्यावरून बादली घेऊन आले आणि ट्रेशेजारी टेबलावर उपडी केली. तेवीस रोपं. माना टाकलेली, पानं मात्र अजून जाड.

"रस लागला तो यांना," ते पाहुण्यांना म्हणाले. "मीच उपटली. तुम्ही बघताय ती साधी रोपं आहेत."

फोटो काढणं थांबलं. मग विभागप्रमुखांनी टेबल साफ करायला सांगितलं. मामा हाताची घडी घालून उभे राहिले.

विभागप्रमुखांनी मुलीकडे पाहिलं. तिनेही घडी घातली.