गिळलेली शाब्बासकी

"शाब्बास गं, माझी वाघीण!" पहिलीच्या बाईंनी कधीकाळी पाठीवर थाप मारून काढलेले बोल वत्सलाबाईंना अजून ऊब देत. त्याच उबेवर त्यांनी आयुष्यभर बालवाडी सांभाळली. आता मुलांच्या मानसोपचाराचं शिक्षण घेताना नेमका तोच शब्द आडवा येत होता.

"अहो बाई, कौतुक केलंत की मूल तुम्हाला खूश करायला खेळतं," शिकवणाऱ्या डॉक्टर करवादल्या. "मनातलं मनातच राहतं. पुन्हा शाब्बासकी दिलीत, तर रेवाला दुसऱ्याकडे सोपवीन!"

खेळातून उपचारासाठी त्यांच्याकडे येणारी रेवा सहा वर्षांची; महिनाभरात चकार शब्द बोलली नव्हती. आजही ती भातुकली नीटनेटकी मांडत होती. एकही वाटी वाकडी नाही! वत्सलाबाईंच्या जिभेवर कौतुक आलं. त्यांनी ते कडू काढ्यासारखं गिळलं. जळलं मेलं शिक्षण, त्या आतल्या आत चरफडल्या. लेकराला गोड शब्दही द्यायचा नाही?

रेवानं मान वर केली, वाट पाहिली. बाई गप्पच. तशी तिनं अख्खी भातुकली उधळून दिली.

"मी इतकी शहाण्यासारखी वागते," ती स्फुंदली, "तरी आई परत येत नाही!"