यंदा फरक नाही

आमचा कारखाना एकच, पण हिशेब दोनदा मांडायचे: एकदा इथल्या नियमांनी आणि एकदा मूळ कंपनीच्या देशातल्या नियमांनी. दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवून फरक का पडला ते सांगायचं, हे माझं काम. दरवर्षी तिकडची देणी जास्त दिसायची, कारण रंगाच्या शेडमध्ये मागे वायुगळती झाली होती आणि त्यातून कामगार आजारी पडतील म्हणून तिकडचे लोक भरपाईची रक्कम आधीच धरून चालायचे.

माझी बायको त्याच शेडमध्ये कामाला. म्हणून मी एकदा साहेबांना विचारलंच, "मग आपण का नाही धरत?"

"अरे, ते लोक घाबरट! निम्म्याहून जरा जास्त शक्यता दिसली की त्यांच्या नियमाने रक्कम धरावी लागते. आपल्याकडे जवळजवळ खात्री झाल्याशिवाय धरत नाहीत."

ऐकून जिवात जीव आला. तेव्हापासून बायको खोकली की मी म्हणायचो, "हवा बदललीये गं, दुसरं काही नाही."

यंदा दोन्ही ताळेबंद तंतोतंत जुळले.

"चला, तुझी डोकेदुखी संपली," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आता वहिनींना घेऊन कुठेतरी फिरून ये. रजेचं मी बघतो."

तिकडच्यांनी ती रक्कम एकदाची काढून टाकली, या आनंदात मी पान उलटलं.



तिकडची रक्कम जागच्या जागी होती. यंदा ती आपल्याही ताळेबंदात आली होती.