एल्डनचं शेवटचं काम

पिकअपने काळा धूर ओकला, दोन आचके दिले आणि ती तिसऱ्यांदा बंद पडली.

"प्लग काढ," म्हातारा मेकॅनिक बर्ल म्हणाला.

नेटाने पाना लावून प्लग काढला. दोन तासांपूर्वी घासून लख्ख केलेलं टोक पुन्हा काजळीने मढलं होतं.

बर्लने प्लग नाकाशी धरला. "नको तेवढं पेट्रोल पितेय. एल्डन जन्मात कधी दारूला शिवला नाही, आणि त्याची गाडी बघ कशी झोकांड्या खातेय!"

नेटा हसली नाही. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा हा कार्बोरेटर तिच्या वडिलांनी हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुरता खोलून नव्याने बांधला होता. बर्फ वितळायच्या आतच ते गेले. चाळीस वर्षं त्यांनी इथे, डोंगरावरच्या लेडव्हिलमध्ये, गॅरेज चालवलं. एल्डन ट्रेगरच्या हातून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नाही, असं गाव म्हणे. शेवटच्या हिवाळ्यात मात्र गाव आणखीही काही म्हणू लागलं होतं. एल्डनचं डोकं चालेनासं झालंय. कॉफीत मीठ घालतो. शेजारणीला बायकोच्या नावाने हाक मारतो.

नेटाने ते मानलं होतं. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या तिच्या घरी त्यांचा दर रविवारी फोन यायचा. सलग तीन रविवार त्यांनी एकच विचारलं होतं. तुझ्या दारापासून वाळूपर्यंत पायऱ्या किती? वीसेक, ती म्हणाली होती. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती वैतागून बाहेर गेली, मोजून आली आणि ओरडली, "एकोणीस! झालं समाधान, बाबा?" त्यांनी "झालं" म्हणून फोन ठेवला. तो त्यांचा शेवटचा शब्द.

वडिलांचं घर विकून झालं होतं. उद्या भंगारवाला गाडी न्यायला येणार होता. हे शेवटचं काम तरी त्यांनी शाबूत डोक्याने केलेलं असावं, एवढंच तिला आता हवं होतं.

बर्लने हवेच्या फिल्टरचं झाकण उतरवून मडगार्डवर ठेवलं आणि कार्बोरेटर उघडला. चोक पुरा उघडत होता. फ्लोटची उंची त्याने पट्टीने मोजली, ती केसभरही चुकलेली नव्हती. सुई नीट बसत होती. हवा कुठून शिरत नव्हती. एकही स्क्रू गरजेपेक्षा जास्त पिळलेला नव्हता.

"काय हात होता!" तो पुटपुटला. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, थरथरत्या बोटांनी हे केलंय त्याने. देवळात ठेवावं असं काम आहे, पोरी."

आता पेट्रोल मोजून सोडणारे जेट राहिले होते. बर्लने ते दोन पितळी तुकडे काढले, फुंकले, उजेडाला धरले आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांवरचा नंबर वाचला. पुन्हा वाचला.

"काय झालं?"

"फार मोठ्या भोकाचे आहेत. दहा हजार फुटांवर हवा विरळ, तिच्या बेताने पेट्रोलही कमी सोडावं लागतं. दुरुस्तीच्या किटमधले जेट बाजूला ठेवायचे आणि बारीक बसवायचे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. अशी चूक सपाटीवरून आलेला माणूस करतो." त्याचा आवाज उतरला. "गाव म्हणत होतं ते खरंच असणार. बिचारा."

नेटा गाडीच्या पायरीवर बसली.

"बसू नकोस अशी. माझ्याकडे बारीक जोडी आहे. दहा मिनिटांत ताळ्यावर आणतो तिला." बर्ल खण धुंडाळायला आत गेला.

हाताला काही काम हवं म्हणून तिने फिल्टरचं झाकण उचललं आणि आतून पुसायला घेतलं. ज्या उंचीसाठी गाडी लावली, तो आकडा वडील झाकणाच्या आत खिळ्याने कोरायचे. गावातल्या गाड्यांवर दहा हजार. खाली डेन्व्हरला जाणारीवर पाच हजार. तेल आणि काजळीचा थर फडक्यावर उतरू लागला. खालून १०,१५२ दिसलं. त्या आकड्यावर आडवी रेघ मारलेली होती.

तिने आणखी पुसलं. मग तिचा हात थांबला.

बावीस वर्षं ती बोलवत होती, आणि बावीस वर्षं वडिलांचं एकच उत्तर होतं: विमानात मी बसणार नाही, आणि इथले बारीक जेट घेऊन खाली आलो तर गाडीचं इंजिन करपेल.

"सापडली जोडी!" बर्ल ओरडत आला. "हो बाजूला."

"नको, बर्ल. आहेत तेच बसवा."

"अगं, चढावर जीव सोडेल ती! खिंडीपर्यंत तरी पोहोचेल का?"

"खिंडीपर्यंत ढकलू. पुढे उतार आहे."

बर्ल तिच्याकडे बघत राहिला. गावाने बापाकडे बघितलं होतं, अगदी तसंच. तिने झाकण उजेडाकडे वळवून त्याच्यासमोर धरलं. त्याने चष्मा सावरला आणि वाचता वाचताच डोक्यावरची टोपी काढली.

रेघेखाली, प्रत्येक अक्षर खोल दाबून, कोरलं होतं: नेटाचं घर. समुद्रापासून १९ पायऱ्या.