अर्धी गाडी

"दोन कार्बोरेटर बसवायचे नाहीत," अभिमन म्हणाला.

हे तो बन्सीलाल मेकॅनिककडे बघून बोलला. गाडीच्या पलीकडे उभा असलेला झुलाल त्याचा सख्खा मोठा भाऊ. पण आई गेल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायची वेळ आलीच, तर तिसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलायचे.

मध्ये त्यांच्या वडिलांची, आबांची जुनी फियाट बॉनेट उघडून उभी होती. आबा होते तेव्हा धरणगाव-जळगाव रस्त्यावर तिला कोणी मागे टाकलं नव्हतं. आबांच्या माघारी शेत वाटलं, विहिरीच्या पाळ्या लागल्या, बैलसुद्धा वाटले गेले. गाडी तेवढी कापता येईना. ती अर्धी-अर्धी दोघांची राहिली आणि जळगावला बन्सीलालच्या गॅरेजात धूळ खात पडली. आता बन्सीलालला जागा हवी होती. आज काय ते ठरवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो, असा त्याने दोघांना निरोप धाडला होता.

झुलालचं ठरलेलं होतं. धुळ्याच्या एका क्लबाने कन्नडच्या घाटात मोटारींची शर्यत ठेवली होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गाडी चढवायची. आबांची गाडी त्यात उतरवायची आणि त्यासाठी इंजिन नव्याने बांधायचं. पण दुसऱ्या मालकाच्या होकाराशिवाय बन्सीलाल पान्याला हात लावणार नव्हता. अभिमन आला होता तो नकार द्यायला.

अभिमन एस.टी.त ड्रायव्हर होता, त्याच घाटातून जाणाऱ्या धुळे-औरंगाबाद गाडीवर. आई गेल्याचा निरोप त्याला वाटेत मिळाला. तो स्मशानात पोचला तेव्हा चिता निवत आली होती. झुलाल त्याच्यासाठी थांबला नव्हता. ऊन चढत होतं, लोक खोळंबले होते, असं तो नंतर कोणाकडे तरी म्हणाल्याचं अभिमनच्या कानावर आलं. लोक खोळंबले होते! ते शब्द अभिमन अजून विसरला नव्हता.

"मग हेड घासू?" बन्सीलालने विचारलं. "इंजिनात जोर येईल."

"नको."

"पुढे डिस्क ब्रेक तरी टाकू?"

"नको म्हटलं ना."

बन्सीलालने सुस्कारा सोडला आणि दोन कॅमशाफ्ट फळीवर आणून ठेवले. "हे तरी बघा. या दांड्यावर इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. या पहिल्याने सरळ रस्त्यावर गाडी नुसती उडेल, पण कमी वेगात मरगळेल. हा दुसरा फार पळवणार नाही, पण वळणातून बाहेर पडताना गाडी उचलेल. झुलालभाऊंनी हा दुसरा सांगितलाय."

अभिमन चपापला. त्या घाटाला दुसराच बरोबर होता. तिथे एक वळण संपत नाही तोच पुढचं तोंडाशी येतं. वेग वळणात मरतो, तिथून उचलणारं इंजिन पाहिजे. जो माणूस तिथे नेहमी गाडी चढवतो त्यालाच हे सुचावं. झुलालला हे कुठून कळलं? तो तर मोकळा रस्ता दिसला की पाय दाबणारा. आपण निवडला असता तोच दांडा या माणसाने निवडावा, याचा अभिमनला जास्तच राग आला.

"पहिला बसव," तो म्हणाला. "उडणारा. आणि ब्रेक जुनेच राहू दे."

"अभिमनभाऊ, तुम्ही ड्रायव्हर माणूस. त्या घाटात असली गाडी..."

"अर्धी माझी आहे. बसवायचं तर हेच बसव, नाहीतर भंगारात घाल."

आपण काय बोलतोय ते त्याला पुरतं कळत होतं. वरचं आंधळं वळण त्याच्या डोळ्यांसमोर आलं. जुने ब्रेक लागत नाहीत आणि स्टीअरिंगवर झुलाल. तरी त्याने शब्द मागे घेतला नाही.

झुलालने फळीवर दाणकन हात आपटला. एक दांडा घरंगळत खाली पडला. बोलणं तुटल्यापासून पहिल्यांदाच तो थेट भावाच्या डोळ्यांत बघून ओरडला, "येडा शे का तू? मरशी ना तठे!"

"मी कसाले मरसू? चलावनारा तू."

"मी?" झुलालचा आवाज फाटला. "माले तुनं तोंड देखानं नही, अभिमन. पन त्या घाटमा तुनासारखी गाडी कोनी चलावस नही. क्लबमा तुनं नाव दिधं मी."

रस्त्यावरून केळीने भरलेला एक ट्रक घरघरत गेला.

अभिमन खाली वाकला. पडलेला दांडा त्याने उचलला. वळणातून उचलणारा तोच होता. कुठे टवका उडाला की काय म्हणून त्याने त्याच्यावरून सावकाश अंगठा फिरवला, आणि तो बन्सीलालच्या हातात दिला.

"हा बसव. कार्बोरेटर एकच, दोन खरंच नकोत. चढावर त्यांची जुळणी बिघडली की गाडी तिथेच बसेल. हेड घास, पण बेताने. आणि ब्रेक सगळ्यात आधी."

मग तो झुलालकडे वळला. "मायना येळले तू थांबना नही, ते मी इसरावं नही."

"नको इसरू," झुलाल म्हणाला आणि त्याने मान फिरवली.

बन्सीलाल लगबगीने पाने काढायला लागला. भंगारवाल्याचं नाव आता त्याने काढलं नाही. "वजन कमी करायला शेजारची सीट काढून टाकू का?" त्याने विचारलं.

अभिमनने पाठमोऱ्या भावाकडे पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "घाट लांब आहे. भांडायला शेजारी कोणीतरी लागेल."