घाणा कुणाचा?

गप्प बसली असती तर लेकीचा फायदाच होता: संध्याकाळी वडील साबणाच्या कारखान्याच्या किल्ल्या तिलाच देणार होते. पण दुकानदाराने परत आणलेल्या वडीने गिऱ्हाइकाचे हात भाजले होते, आणि वडील म्हाताऱ्या मिस्त्रींवर सगळ्यांदेखत बरसत होते, “कॉस्टिक सोडा जास्त ओतलात! उद्यापासून घरी बसा!” लेकीने वेष्टनावरचा छाप वाचला. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी कढईत शिजलेल्या साबणाचा, क्रमांक आणि ढवळणाऱ्याचं अक्षर छापायचा हट्ट तिचाच; “साबणाला कसलं आडनाव?” वडील हसले होते. “बाबा, हा साबण शिजला तेव्हा मिस्त्री रजेवर होते. कढईपाशी हौसेने तुम्हीच उभे राहिलात. हा घाणा तुमचा.” वडिलांनी वडी डोळ्यांजवळ नेली, मिस्त्रींपुढे हात जोडले. तिच्या हाती किल्ल्या देत गरजले, “बापाचा कान धरणारी पोर आहे कुणाकडे?” बाजारातून फक्त त्याच घाण्याची खोकी परतली. भुर्दंड एकट्या वडिलांना पडला; तोही त्यांनी मिरवत भरला.