अकरा दिवसांचे किती टोले

"अकरा दिवसांचे किती टोले पडतात?" गवंड्यानं विचारलं.

तो चर्चच्या दारातच उभा होता. मावशीनं फरशी नुकतीच पुसली होती आणि त्याच्या चपलांना चुना होता. दोन्ही हातांवर सुतारानं करून दिलेली पेटी होती. एरवी तो इथे आला की आधी टोपी काढायचा, आज तेवढा हात मोकळा नव्हता.

फादरांनी मृतांच्या वहीत लिहिलं, मुलगी, अकरा दिवस, आणि वही मिटली. ती जन्मली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते स्वतः घरी जाऊन तिच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालून आले होते. तेव्हा ती इतकी कोकलली होती की त्यांना तेच शब्द पुन्हा म्हणावे लागले.

"वर्षाला एक टोला," फादर म्हणाले. "ही पद्धत माझ्या आधीपासूनची आहे."

"माहीत आहे. म्हणून तर विचारतोय."

"मग उत्तरही तुला माहीत आहे."

गावात कुणी गेलं की घंटा वाजायची, जेवढी वर्षं तेवढे टोले. लोक हातातलं काम थांबवून मोजत. सत्तरच्या पुढे गेलं की कोण ते ओळखत, आणि शेवटचा टोला पडला की दारं ओढून चर्चकडे निघत. घंटा नाही तर माणसं नाहीत. मग बाप आणि खड्डा खणणारा, दोघंच. वर्षाच्या आत गेलेली पोरं मागच्या भिंतीलगत अशीच पुरली होती. ज्यांनी हा नियम केला ते सगळे म्हातारे होऊन मेले होते, आपापले टोले पुरेपूर वसूल करून.

"तिची आई खिडकीपाशी पडून आहे," गवंडी म्हणाला. "उठता येत नाही तिला. म्हणाली, इथून मला ऐकू तरी येईल. तिला जाऊन काय सांगू? शून्य?"

"सांग, मी संध्याकाळी येतो. प्रार्थना करू."

"प्रार्थना ती करतेच आहे, फादर. तिनं घंटेचं विचारलंय."

मावशी कोपऱ्यात फडकं पिळत होती. चर्चची झाडलोट तिच्याकडे आणि घंटेचा दोरही तिच्याकडे, बावीस वर्षं. नवऱ्याचे टोले तिनंच दिले होते, एकही न चुकता. ती मान न वळवता म्हणाली, "दुकानदाराच्या बापाला किती दिले होते, फादर?"

"नव्वद."

"आणि वय काय होतं?"

फादर वहीच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसू लागले.

"एकोणनव्वद आणि चार महिने. तुम्हीच म्हणालात, मावशी, नव्वद द्या, घरच्यांना बरं वाटेल. आठ महिने म्हाताऱ्याला वरून दिले आपण. माझे खांदे भरून आले, पण मी चकार शब्द काढला नाही."

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळीच. तो दुकानदाराचा बाप होता."

"मावशी, आज एकीला दिलं की उद्या सगळ्या मागतील."

"कोण मागणार आहे? भिंतीलगत सव्वीस पोरं आहेत. त्यांच्या निम्म्या आया गेल्या. उरलेल्यांपैकी एक तुमची फरशी पुसतेय."

हे वहीत होतं. मागची पानं चाळली असती तर सापडलं असतं. फादरांनी हातातल्या वहीकडे पाहिलं, उघडली नाही.

"मी हो म्हणू शकत नाही," ते म्हणाले.

"मग म्हणू नका."

मावशीनं फडकं बादलीच्या काठावर टाकलं आणि हात नीट कोरडे केले. ओल्या हातातून दोर निसटतो. जाता जाता गवंड्याला म्हणाली, "तू तसाच आत ये. फरशी काय, परत पुसता येते."

टोला पडला.

लोहारानं हातोडा उगारला होता, तो तसाच वर राहिला. शाळेत बाईंचा खडू फळ्यावर थांबला. न्हाव्यानं वस्तरा दुकानदाराच्या गालापासून बाजूला घेतला. एक, असं सगळ्यांनी मनात म्हटलं आणि दुसऱ्याची वाट बघू लागले.

दुसरा आला नाही.

लोहाराचा हात अवघडला. त्यानं हातोडा हळूच खाली ठेवला.

"दोर तुटला वाटतं," न्हावी म्हणाला.

"अरे पण मोजायचे राहिलेत ना," म्हणत दुकानदार गळ्यातल्या टॉवेलसकट उठला.

रस्त्यात लोक एकमेकांना विचारत होते, तू किती ऐकलेस. एकच. मीपण एकच. काय मोडलं ते बघायला म्हणून निघाले, तो रस्ता चर्चलाच जात होता.

दुकानदार सगळ्यांच्या आधी पोचला. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर साबण. मावशी दोराखालीच उभी होती.

"मावशी, बाकीचे टोले कुठे गेले?"

"बाकीचे नाहीत. तेवढंच वय होतं."

दुकानदारानं गवंड्याच्या हातांवरची पेटी पाहिली. तो बाजूला सरला आणि पेटीला वाट करून दिली. फादर वही ठेवून पुढे झाले. त्यांच्यामागे गवंडी, त्याच्यामागे साबण तसाच घेऊन दुकानदार.

चर्चचा रस्ता गवंड्याच्या खिडकीवरून जात होता. एका टोल्यानंतर तिथे पडलेली बाई कान देऊन राहिली होती. आणखी काही ऐकू आलं नाही, तेव्हा ती खिडकीसमोरून जाणारी माणसं मोजू लागली. लोहार. न्हावी. शाळेतल्या बाई. अकरापर्यंत मोजून ती थांबली.

माणसं जातच होती.