खणातला फोन

बाबांनी राहतं घर एका साधना केंद्राला देऊन टाकलंय, हे वकिलांनी मृत्युपत्र वाचलं तेव्हा कळलं. त्या केंद्राचं नावही आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी ताई आणि मी तिथल्या ऑफिसात जाऊन धडकलो.

"एकट्या म्हाताऱ्या माणसाचे कान भरलेत, आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नाहीत!" ताईने मृत्युपत्राची प्रत टेबलावर आपटली. "काय काय सांगितलंत त्यांना? बोला, नाहीतर कोर्टात बोलावं लागेल."

व्यवस्थापक बाई शांतपणे म्हणाल्या, "सात वर्षं येत होते ते. दरवर्षी दहा दिवस. इथे मौन असतं. त्यांच्याशी कुणी चकार शब्द बोललेलं नाही."

"मग घर काय उगाच दिलं?" माझाही आवाज चढला.

बाईंनी मागच्या पत्र्याच्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्याला छोटे छोटे खण होते.

"आल्या आल्या सगळ्यांचे फोन आम्ही इथे ठेवून घेतो. अकराव्या दिवशी परत दिले, की जो तो आधी मिस्ड कॉल बघतो. तुमचे बाबाही बघायचे. एकही नसायचा. मग चष्मा पुसून पुन्हा बघायचे."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी कपाटाकडे.

"तिसऱ्या वर्षापासून, त्यांचा फोन परत देण्याआधी मीच ऑफिसातून एक मिस्ड कॉल देऊन ठेवायचे."